बाटली बदलली, नशा तीच



आपल्या वस्त्यांत दारूने तीन पिढ्यांत तीन वेश घेतले. आजोबांची पिढी गिरणीतून, गोदीतून सुटली की हातभट्टीच्या गुत्त्यावर जाई. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. बंदीच्या त्या काळात टायरच्या ट्यूबमधून दारू वस्तीत पोचत असे. पुढे वडिलांची पिढी देशी दारूच्या सरकारमान्य दुकानात उभी राहिली आणि 'क्वार्टर' हा शब्द घराघरांत शिरला. नातवांना आता या दोन्हींची लाज वाटते. ते बिअर शॉपीतून थंडगार बाटली आणतात. कुणाचा वाढदिवस, कुणाला नोकरी लागली, एकतीस डिसेंबर, निमित्ताला तोटा नाही.

पोराला हटकले तर तो छातीठोकपणे सांगतो, "मी दारूला शिवत नाही, नुसती बिअर घेतो." आईही मनाची समजूत घालते, बापासारखा गटारात तर पडत नाही ना!

सीलबंद बाटलीत विषारी दारूची भीती कमी, हे खरे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, बहुतेक कष्टकरीच. पण तिथे विष होते, इथे नाही, एवढ्यावरून बिअर म्हणजे सरबत ठरत नाही. आपण हिशेबच मांडू.

स्ट्राँग बिअरच्या बाटलीवरचे लेबल वाचा. मोठी बाटली ६५० मिलीची आणि अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत. म्हणजे एका बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की किंवा रममध्ये ते ४२.८ टक्के असते. ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्ये झाले सुमारे २६ मिली. याचा अर्थ, स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग! दोन बाटल्या पिऊन मोटारसायकलला किक मारणारा मुलगा चार पेग पोटात घेऊन निघालेला असतो. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे. आपल्या राज्यात बिअरलासुद्धा २१ वर्षे पूर्ण लागतात. आणि बारावीची पोरे कुठे बसतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता पैशांचे पाहा. आठवड्याला दोन बाटल्या म्हणजे वर्षाला १०४. तुमच्या नाक्यावरचा भाव घ्या आणि गुणाकार करा. येणारा आकडा स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या फीशेजारी लिहून ठेवा.

कुणी म्हणेल, पंचशीलात बिअरचे नाव कुठे आहे? आहे! पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत. सुरा म्हणजे धान्यापासून केलेले मद्य, मेरय म्हणजे फळे, फुले, मध, गूळ आंबवून केलेले. बिअर जवाची, वाईन द्राक्षांची. दोन्ही त्यात आल्या. 'पमाद' म्हणजे बेसावधपणा. ज्याने माणूस बेसावध होतो ते टाळायचे, बाटली कुठल्या रंगाची हा प्रश्नच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती मोठ्याने म्हणतो आणि जयंतीच्या मिरवणुकीत त्याच तोंडाला बिअरचा कॅन लागतो!

मुलांना मारझोड करून हे सुटणार नाही. घरात क्वार्टर आणणाऱ्या बापाने आधी स्वतःची बाटली बंद करावी, मग मुलाशी शांतपणे बोलावे. मातांनी 'बिअरच तर आहे' हे वाक्य तोंडातून काढू नये. मंडळांनी १४ एप्रिलच्या वर्गणीतून एक पैसाही दारूवर जाणार नाही, असा ठराव लेखी करावा आणि खर्चाचा तक्ता विहाराच्या फळ्यावर लावावा.

आणि तरुण मित्रांनो, आजोबांची हातभट्टी तुम्ही सोडलीत, वडिलांची क्वार्टर सोडलीत, हे चांगलेच केलेत. आता आणखी एकच सोडायची राहिली आहे.