जुन्या गावाला जोडलेला नवा खण

नांदेड हे गोदावरीकाठचे जुने नगर. नदीला भिडलेला नंदगिरी किल्ला आणि १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांनी बांधविलेला सचखंड गुरुद्वारा ही त्याची ठळक ओळख. २००८ मध्ये गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहराचे रूप पालटले. लंगराची पंगत अखंड चालू असली, तरी यात्रेकरूंच्या वर्दळीबरोबर उपाहारगृहेही वाढत राहिली. तेव्हा होळी किंवा चौफाळ्यातील एखाद्या वाड्यात चालणाऱ्या उपाहारगृहाला नवे दालन जोडावयाचे झाल्यास ते कसे असावे, हा प्रश्न काल्पनिक नाही.

सोपा मार्ग सोंगाचा. फायबरच्या महिरपी, प्लास्टिकच्या समया आणि पाटीवर ‘वाडा’ हा शब्द! मला हे पटत नाही. ‘टेबल’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. त्याने आपले कूळ लपविले नाही. परंतु ‘टेबलावर’ म्हणताना त्याने मराठीचे सामान्यरूप निमूटपणे स्वीकारले. नव्या दालनाकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे. त्याने खुशाल काच आणि पोलाद वापरावे, मात्र गल्लीची रेषा मोडू नये, शेजारच्या माळवदाहून डोके वर काढू नये आणि ढाळजेतून चौकात, चौकातून ओसरीवर हा प्रवेशाचा क्रम राखावा. उन्हाळ्यात चौकाची सावली कोणत्याही वातानुकूलन यंत्राइतकीच मोलाची असते, हे मराठवाड्यातील वाचकांस सांगावयास नको.

जुन्याची हुबेहूब नक्कल करू नये, याचे एक कठोर कारण लातूर जिल्ह्याने दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा प्रचंड भार झोपलेल्यांवर कोसळला. म्हणून माळवदाचा सपाट आकार घ्यावा. त्याचे वजन घेऊ नये.

राहिली नदी. पूररेषांपैकी निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पाणी कोठवर चढते, हे काठावरच्या घरांना नकाशाविनाही ठाऊक असते. तरीही ‘रिव्हर व्ह्यू’च्या मोहाने खुर्च्या थेट घाटाच्या पायऱ्यांपर्यंत नेल्या जातात. अशा आराखड्यास माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ पुरापोटी नाही. घाटावर कोणी स्नानाला येतो, कोणी अस्थी घेऊन येतो. आपल्या ताटासमोरचा देखावा होण्यास त्यांनी संमती दिलेली नाही. जेवणाची बैठक आतल्या चौकाभोवती असावी. नदीच्या अंगाला उंच झरोके ठेवावेत, म्हणजे वारा येईल. भटारखान्याचे सांडपाणी मात्र त्या दिशेने थेंबभरही जाऊ नये.