बंदूक मोजली, माणूस राहिला!

३१ जुलै २०२३. पहाटे पाचच्या सुमारास जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये, आपल्या पालघरजवळ, गोळीबार झाला. रेल्वे सुरक्षा दलाचा एक सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी ठार झाले. तिन्ही प्रवासी मुसलमान. आरोपी त्याच दलाचा जवान, बंदूक सरकारी.

मग चर्चा कशाची? तर जवानांना रायफल द्यावी की पिस्तूल! २०१९ साली संसदेतही असाच आकड्यांचा खेळ झाला. परवानाधारकाकडे तीनऐवजी एकच बंदूक असावी असं विधेयकात होतं. ओरड झाली आणि शेवटी दोनवर तडजोड! पण मित्रांनो, ड्युटीवरच्या जवानाच्या बंदुकीला हा परवाना लागतच नाही. मग त्या मोजणीचा इथे काय उपयोग?

सोबतच्या जवानाच्या जबाबानुसार, आरोपी बरं वाटत नाही, उतरू द्या म्हणत होता. वरिष्ठांना विचारलं, तर उत्तर आलं, ड्युटी पूर्ण करू दे. रिलीव्हर नसला की काय होतं, हे तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला विचारा. गेटवर ‘सुरक्षा प्रथम’चा बोर्ड मात्र झळकत असतो!

आजारपणाने द्वेष माफ होत नाही. आरोपपत्रात धर्मावरून तेढ वाढवल्याचंही कलम आहे. त्याचा निवाडा कोर्टाचं काम. पण ‘मला बरं नाही’ म्हणणाऱ्याची बंदूक पुढच्याच स्टेशनवर जमा झाली पाहिजे, एवढा साधा नियम तरी करा. त्याला संसदेत भाषणं लागत नाहीत, एक जादा माणूस लागतो. आणि नेमका तोच द्यायची कोणाची तयारी नसते!