शीत न चिरडता

दर वर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून रामन यांच्या फोटोला हार घालतात, 'रामन परिणाम म्हणजे काय' याचं दोन ओळींचं उत्तर कुणीतरी वाचतं.. आणि विज्ञान दिन संपतो. मला वाटतं, त्या दिवशी मुलांना एका यीस्टची गोष्ट सांगावी.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हर्मन फाफ या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकांना जपान आणि अलास्कासारख्या थंड मुलखांत झाडांतून पाझरणाऱ्या रसात एक गुलाबी-नारिंगी यीस्ट सापडलं. पुढे त्याला नाव मिळालं फाफिया रोडोझायमा. त्याचा रंग ॲस्टाझँथिनचा, हे १९७६ मध्ये कळलं. शिजवलेली कोळंबी लाल दिसते ती यानेच, आणि सॅमन माशाचं मांस गुलाबी असतं तेही यानेच! गाजराचा रंग याच कुळातला. यीस्टच्या पेशीला मात्र तो शोभेसाठी नको असतो, घातक ऑक्सिजनपासून बचावासाठी हवा असतो.

पाळलेल्या सॅमनच्या खाद्यात हा रंग घालावा लागतो. तो बहुतेक कारखान्यात रसायनांपासून बनतो. यीस्टकडून घ्यायचा तर कुठली पेशी जास्त रंग करते ते कळायला हवं. जुनी रीत म्हणजे पेशी फोडायच्या, रंग द्रावकात उतरवायचा आणि मग वर्णपट पाहायचा. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शीत चिरडून! शिवाय हाती येते ती लाखो पेशींची सरासरी.

रामन यांच्या रीतीत जिवंत पेशीवर लेझर टाकतात. परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. त्याच्या आलेखात १००५, ११५५ आणि १५२० च्या आसपास तीन शिखरं दिसली की या कुळातला रंग आहे असं समजायचं. लेझर बेताचा ठेवला तर पेशी जगते, आणि गुणी निघाली तर तीच वाढवता येते.

१९२८ मध्ये कलकत्त्यात रामन आधी सूर्यप्रकाश आणि मग पाऱ्याचा दिवा घेऊन प्रयोग करत होते, तेव्हा हे यीस्ट कुणाला ठाऊकही नव्हतं. म्हणून मुलांच्या कुतूहलाला "याचा उपयोग काय?" असं लगेच विचारू नये. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, विज्ञानाची नव्हे. पण हा प्रश्न कवितेच्या तासालाही पुष्कळदा ऐकलाय, आणि तिथेही तो घाईचाच असतो.

तेव्हा पुढच्या विज्ञान दिनी हार जरूर घाला. पण मुलांच्या हातात एक जुनी सीडीही द्या, उन्हात तिरकी धरायला. रंग दिसले की प्रश्न ती आपणहून विचारतील. तुम्हाला काय वाटतं?