निदानाची विद्या कोठे वसावी

युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यविशारदाने लहान मुलांचे जबडे विद्रूप करून टाकणाऱ्या एका अर्बुदाचे वर्णन 1958 साली प्रसिद्ध केले; पुढे 1961 साली दोन सहकाऱ्यांसह मोटारीतून सुमारे दहा हजार मैल हिंडून, तो रोग किती उंचीवर आणि कोणत्या हवेत आढळतो याची त्याने तपास लावून नोंद केली; आणि त्याचे लंडनमधील व्याख्यान ऐकून भारावलेल्या अँथनी एप्स्टाइन यांनी, कंपालाहून विमानाने आलेल्या गाठींच्या तुकड्यांतून, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांच्यासमवेत 1964 साली मानवी कर्करोगाशी निगडित असा पहिला विषाणू उजेडात आणला.

वैद्यकाच्या इतिहासातील हे एक उज्ज्वल प्रकरण आहे, आणि त्याचे मोल उणे करण्याचा माझा हेतू नाही. तथापि ज्या मुलांच्या जबड्यांतून त्या गाठी काढल्या गेल्या, त्यांच्याच देशात त्या तपासणारे, त्यांवर औषध योजणारे आणि झालेल्या उपचारांचे दप्तर ठेवणारे लोक केव्हा तयार होणार, हा प्रश्न त्या शोधाने सुटला नव्हता. तो सोडवण्याचा मातब्बर प्रयत्न 1967 साली झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने मुलागोच्या टेकडीवर या रोगासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र उघडण्यात आले, जॉन झीग्लर हे तरुण अमेरिकन डॉक्टर त्याचे प्रमुख झाले, आणि युगांडाचे चार्ल्स ओलवेनी त्या कामात मुरले. 1972 साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने भारतीय उपखंडातून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या हजारो कुटुंबांना नव्वद दिवसांच्या मुदतीत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्याच साली झीग्लरही मायदेशी परतले. एवढ्या उलथापालथीत ते केंद्र बंद पडले नाही, याचे कारण ओलवेनी तेथे होते. परदेशी निधी आटला असता आणि करारमदार कागदावर राहिले असता संस्था तगते ती तिच्यात घडलेल्या माणसांच्या बळावर, या माझ्या मताला याहून सबळ दाखला मला ठाऊक नाही.

आफ्रिकी वंशाच्या लोकांतील कर्करोगाविषयी आज जे संशोधन चालले आहे, त्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग श्वेतवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमी प्रमाणात होतो, परंतु त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने कृष्णवर्णीय पुरुष दुपटीने दगावतात. यात दारिद्र्याचा, विलंबाचा आणि भेदभावाचा वाटा किती व रक्तातून आलेल्या गुणांचा किती, हा वाद जुना आहे. लिसा न्यूमन या शल्यविशारद विदुषीने घानातील कुमासी येथील रुग्णालयाशी सहकार्य करून जी तुलना केली, तिच्यात असे दिसले, की ज्याला इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरसह तीन रिसेप्टरांच्या अभावावरून डॉक्टर मंडळी ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात, त्या दुर्धर प्रकारचा कर्करोग घानाच्या रुग्ण स्त्रियांत निम्म्याहून अधिक, तर इथिओपियाच्या स्त्रियांत साधारण सातांत एक, म्हणजे अमेरिकेतील श्वेतवर्णीयांइतकाच होता. एकाच खंडाच्या दोन टोकांत एवढी तफावत असेल, तर ‘आफ्रिकी वंश’ या एका सदराखाली कोट्यवधी माणसांची नोंद करून निष्कर्ष काढणे हे शास्त्राला शोभणारे नाही.

येथे एक बारीक, पण अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. स्तनातून काढलेला गाठीचा तुकडा विनाविलंब, शक्यतो तासाच्या आत, त्याच्या दसपट तरी फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा लागतो, आणि त्या द्रवात तो सहा तासांहून कमी किंवा तीन दिवसांहून अधिक राहता कामा नये. शस्त्रक्रियागृहात बाटली नसली, द्रव शिळा वा अपुरा असला, किंवा तुकडा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्यास आठवडा लागला, तर इस्ट्रोजेनचे रिसेप्टर त्या गाठीत असूनही तपासणीत ते दिसत नाहीत आणि अहवालात ‘अभाव’ अशी नोंद होते. मग जिला त्या रिसेप्टरांवर काम करणारी टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी रोज घेऊन कित्येक वर्षांचे आयुष्य लाभले असते, ती स्त्री त्या गोळीस मुकते. एवढेच नव्हे, तर आफ्रिकी स्त्रियांचा कर्करोग मुळातच उग्र असतो याचा पुरावा म्हणून संशोधकाच्या तक्त्यात तिची गणना होते. उत्तम प्रयोगशाळा असलेल्या अमेरिकेतही कृष्णवर्णीय स्त्रियांत ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ दुपटीने आढळतो. तेव्हा सारा फरक बाटलीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु किती फरक वंशाचा आणि किती बाटलीचा, हे ठरवायचे तर ती बाटली कशी हाताळावी हे जाणणारा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या रुग्णालयात असावा लागतो, आणि काचेवरचा रंग वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ त्याच्या हाकेच्या अंतरावर असावा लागतो. असा विकृतिशास्त्रज्ञ आफ्रिकेच्या पुष्कळ देशांत दहा लाख लोकांमागे एकही नाही. संशोधनाचा निधी एका खात्यात आणि प्रशिक्षणाचा दुसऱ्या, ही वाटणी म्हणूनच मला घातक वाटते.

इबादानच्या विद्यापीठात शिकून शिकागोत नावलौकिक मिळवलेल्या ओलुफुन्मिलायो ओलोपाडे यांनी नायजेरियातील सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षे जे संबंध जोडून ठेवले, ते या कामी अनुकरणीय आहेत. आफ्रिकेतील कर्करोगाच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी ‘एऑर्टिक’ ही संघटनाही 1980 च्या दशकापासून खटपट करीत आहे. पण व्यक्तींच्या निष्ठेवर राष्ट्रांची गरज किती काळ भागवायची?

यंत्रावर विसंबण्याचीही गत वेगळी नाही. 2016 साली मुलागो येथील किरणोपचाराचे यंत्र, जे साऱ्या युगांडात एकमेव होते, ते कायमचे निकामी झाले, आणि नवे यंत्र सुरू होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ शेकडो रुग्ण उपचारावाचून राहिले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने बनलेले ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र युगांडाला भेट देण्याचे भारत सरकारने 2018 साली जाहीर केले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र अशा यंत्रातील कोबाल्टची किरणशक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. ती घटत जाईल तसतसा प्रत्येक रुग्णाला किरण देण्याचा अवधी वाढवीत न्यावा लागतो, आणि तो हिशेब चुकला तर गाठ शाबूत राहते. तेव्हा आपल्या सरकारने यंत्राच्या देणगीपत्रातच आणखी एक कलम घालावे: कंपालाच्या भौतिकशास्त्रज्ञांना व तंत्रज्ञांना मुंबईत येऊन टाटा स्मारक रुग्णालयात शिकण्याच्या जागा दरसाल राखून ठेवल्या जातील, आणि परतल्यावर त्यांना बसवण्यासाठी पगारी पदे मंजूर करण्याची हमी युगांडा सरकार देईल.