शिवणीतली माया

मराठी शिंप्यांच्या बोलीत 'माया' हा शब्द एका विशेष अर्थाने रूढ आहे. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवले जाते, त्याला माया म्हणतात. अंग भरले की टीप उसवायची, आत दुमडलेले कापड बाहेर घ्यायचे आणि तेच पोलके पुन्हा अंगाला बसते करायचे, असा हा साधा व्यवहार. जाणता शिंपी पोलक्याच्या बगलेखाली एकीशेजारी एक अशा दोन-तीन टिपा घालून ठेवतो, त्या याच हिशेबाने. माणसाचे शरीर जन्मभर एका मापाचे राहत नाही, हे त्याने गृहीत धरलेले असते. आणि तसे बदलण्यात शरीराचा काही अपराध घडला, असे त्याला वाटत नाही. शिंप्याच्या कात्रीला उमगलेले हे शहाणपण समाजाच्या नजरेत मात्र अद्याप उतरलेले नाही. मूल झाल्यानंतर स्त्रीच्या अंगाचा घाट बदलला, तर वस्त्र बदलावे असे कोणी म्हणत नाही. तिने शरीरच पूर्ववत करावे, आणि ते होईपर्यंत कसेबसे अंग झाकून दिवस काढावेत, अशी अपेक्षा धरली जाते. ही अपेक्षा अन्यायाची आहे. आणि ती बहुधा हितोपदेशाच्या सुरात व्यक्त होत असल्यामुळे तिला विरोध करणेही अवघड होऊन बसले आहे.

प्रथम शरीराची गोष्ट. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय साधारणतः सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. सव्वा महिन्याच्या बाळंतपणाचा जुना हिशेब या कालावधीशी बराचसा जुळणारा आहे. परंतु सगळेच काही असे माघारी फिरत नाही. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू गर्भारपणात एकमेकांपासून दूर सरतात. काही स्त्रियांचे ते काही महिन्यांत जवळ येतात, काहींचे पुरते येत नाहीत. बरगड्यांचा घेर रुंदावतो. स्तनपानाच्या काळात छातीचे माप एकाच दिवसात कमीअधिक होते, आणि दूध तुटल्यावर ते पुन्हा निराळे होते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल, तर ओटीपोटावरचा व्रण परकराच्या नाडीचा काच बरेच दिवस सोसू शकत नाही. पावलाची कमान किंचित उतरून पाऊल कायमचे लांबल्याचेही आढळून आले आहे. जुनी चप्पल बोटांना लागू लागली, म्हणून कोणी पावलाला दोष देत नाही. निमूटपणे नवी चप्पल आणली जाते. कमरेच्या बाबतीत मात्र हा सरळ न्याय लागू होत नाही.

याचे कारण काही अंशी भाषेतही सापडते. 'पोट सुटले', 'अंग सुटले' असे मराठीत म्हणतात. सुटणे या क्रियापदात बंधन तोडल्याचा, ताबा गेल्याचा ध्वनी आहे. आणि ज्याला 'बांधा' म्हणतात, त्या शब्दाचे नातेही बांधण्याशीच आहे. मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीला सहज विचारले जाते, "आता पुन्हा पहिल्यासारखी कधी होणार?" विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु पहिले शरीर तेवढे खरे, आणि आत्ताचे हे मधल्या मुक्कामाचे, अशी समजूत त्या प्रश्नात दडलेली असते. ती स्त्रीही हळूहळू हेच मानू लागते. पहिल्या मापाची पोलकी आणि कुडते डांबराच्या गोळ्या घालून कपाटात जपून ठेवले जातात. 'बारीक झाल्यावर' ती अंगावर चढायची असतात. तोवर घरात दिवसभर गाऊन. गाऊन सोयीचा आहे, त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु दारावरची घंटा वाजताच त्यावर ओढणी किंवा हाताशी येईल तो टॉवेल ओढून दार उघडणारी स्त्री त्या कपड्यात स्वतःला नेसलेली समजत नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल. हा 'तोवर' पाच वर्षांचा होतो, दहा वर्षांचा होतो. लग्नाची आमंत्रणे या ना त्या सबबीने टळतात. छायाचित्र काढताना ती मागच्या रांगेत सरते, किंवा मुलाला पुढे धरून त्याच्या आड उभी राहते. एका पोलक्याची शिवण आवळली, एवढ्यावरून आयुष्याचा एवढा मोठा भाग लांबणीवर पडतो.

यातली विसंगती ध्यानी घेण्याजोगी आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, तेव्हा याच स्त्रीला हिरवी साडी नेसवतात, फुलांचे दागिने घालतात, झोपाळ्यावर बसवतात आणि तिच्या भरल्या पोटाचे कौतुक गाण्यांतून होते. पोट लपवावे असे त्या दिवशी कोणाच्याही मनात येत नाही. मूल पोटात आहे तोवर ते पोट मंगल; मूल बाहेर येऊन रांगू लागले, की त्याच पोटाचा उरलेला फुगवटा लाजिरवाणा. म्हणजे गौरव झाला तो स्त्रीच्या शरीराचा नव्हता, त्या शरीराच्या तात्पुरत्या उपयोगाचा होता, असाच निष्कर्ष यातून निघतो.

पूर्वीच्या वस्त्रांत ही अडचण एवढी तीव्र नव्हती. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीच्या नऊवारी लुगड्याला माप नसते. ज्या कमरेला ते नेसावे, तिचेच ते होते. खणाची चोळी समोर गाठ मारून बसवली जाई. गाठ सैल करता येई, आवळता येई, आणि मुलाला पाजण्यासाठी सोडताही येई. गाठीच्या या चोळीने शरीराला कधी क्रमांक दिला नाही. तथापि एवढ्यावरून गतकाळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कोणी काय नेसावे आणि कसे नेसावे, हे त्या काळी जात, वय आणि सौभाग्य ठरवीत असे. विधवेच्या अंगावर आलवण चढवणारा समाज तो हाच. लोकलच्या गर्दीत चढणाऱ्या आणि दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या स्त्रियांनी साडी बाजूला ठेवून सलवार-कमीज स्वीकारली, ती आपल्या सोयीने आणि आपल्या निर्णयाने. त्यांना पुन्हा लुगड्याकडे वळवणे हा या प्रश्नाचा तोडगा नव्हे. लुगड्यात जे शहाणपण होते, ते शिवलेल्या कपड्यात का आले नाही, एवढाच येथे प्रश्न आहे.

शिवलेला कपडा साडीच्या सोबतीला आला त्याचा इतिहास फार दूरचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईच्या वास्तव्यात पारशी स्त्रियांची नेसण्याची पद्धत पाहिली, तिच्यात फेरबदल केले आणि शिवलेल्या पोलक्या-परकरासह ती बंगालमध्ये नेली. स्त्रीला घराबाहेर वावरता यावे, हा त्यामागील हेतू होता, आणि तो स्तुत्य होता. त्यानंतर दीर्घकाळ शिवणारा शिंपी गल्लीतच होता. माप त्या त्या देहाचे घेतले जाई आणि शिवणीत माया राही. तयार कपड्यांच्या बाजाराने हे नाते तोडले. तेथे कापडाचा प्रत्येक सेंटिमीटर मोजून वाचवलेला असतो. शिवण कडेलाच मारून आतले कापड कातरून टाकलेले असते. उसवायला तेथे काही उरतच नाही. शिवाय ज्या मापांवर हा बाजार उभा राहिला, ती मापे मुळात परदेशी तक्त्यांवरून घेतलेली होती. भारतीय शरीरांचा स्वतंत्र मापतक्ता असावा, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची 'इंडियासाइझ' ही पाहणी २०१८ मध्ये जाहीर झाली. सहा शहरांतील १५ ते ६५ या वयोगटातील २५,००० व्यक्तींची मापे घेण्याचे ठरले. ज्या देशात तयार कपडे कित्येक दशके विकले जात होते, त्या देशात अशी पाहणी एवढ्या उशिरा सुचावी, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुकानाच्या आरशासमोर कुडता छातीत अडकल्यावर ज्या स्त्रियांनी आपल्या शरीराला बोल लावला, त्यांनी चुकीच्या आरोपीला शिक्षा दिली.

हा विषय केवळ आरशापुरता आहे, असे समजणाऱ्यांनी न्यायालयाचा एक निकाल आठवावा. एअर इंडियाच्या तत्कालीन नियमांनुसार हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गर्भारपणाबरोबर संपत असे. नर्गेश मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. माता झालेले शरीर प्रवाशांसमोर उभे राहण्यास अपात्र आहे, ही कल्पना तोवर सेवानियमांत लिहिलेली होती. नियमांतून ती गेली. नजरेतून गेली नाही. अभिनेत्री ऐश्वर्या राय-बच्चन यांना नोव्हेंबर २०११ मध्ये कन्या झाली, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्या कान येथील चित्रपट महोत्सवात उपस्थित राहिल्या, तेव्हा त्यांच्या वाढलेल्या वजनाची जाहीर चर्चा देशभर झाली. सहा महिन्यांच्या बाळंतिणीकडून समाज काय मागतो, हे त्या वेळी उघड दिसले. २०१७ च्या कायद्याने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. कामावर परतण्याचा अवधी वाढला. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यात ती कामावर परतते, तेव्हा गणवेश जुन्याच मापाचा पुढे केला जातो, आणि तो अंगात गेला नाही, तर खजील तिनेच व्हायचे असते.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. गडद रंग वापरा, उभ्या रेघा निवडा, पोट झाकेल असा घोळदार कपडा घ्या, आणि आत्मविश्वास बाळगा! यातील पहिल्या तीन सूचना लपण्याच्या आहेत आणि चौथी न लपण्याची, हे सल्लागारांच्या ध्यानात येत नाही. लपून बसलेल्या माणसाला निर्भय राहण्यास सांगणे ही थट्टा आहे. घोळदार कपड्याने देह बारीकही दिसत नाही. तो केवळ बेवारशी दिसतो. कपड्यातला आत्मविश्वास ही उपदेशाने उत्पन्न होणारी मनोवृत्ती नसून बऱ्याच अंशी ती मापाची गोष्ट आहे. खांदा खांद्यावर बसला, बाही दंडाला काचली नाही, छातीला योग्य मापाच्या अंतर्वस्त्राचा आधार मिळाला, कमरेची पट्टी आज कंबर जेथे आहे तेथे आली, पाजण्यासाठी पुढून उघडता आले, तर त्या स्त्रीला दिवसातून शंभर वेळा पदर किंवा कुडता ओढावा लागत नाही. हात मोकळे राहिले, की मानही आपोआप वर राहते. तिला लाल रंग आवडत असेल, तर तिने लाल नेसावे. आडव्या रेघा आवडत असतील, तर त्या घ्याव्यात.

यावर आरोग्याचा आक्षेप घेतला जातो. वजन वाढू देणे हितावह आहे काय? नाही, आणि व्यायामाला कोणी मनाई केलेली नाही. विलग झालेले स्नायू योग्य व्यायामाने सुधारतात, हेही खरे. परंतु व्यायाम करण्यासाठीसुद्धा आजच्या मापाचा कपडा लागतो. उद्याच्या देहाचे बक्षीस म्हणून आजच्या देहाला वस्त्रावाचून ठेवणे, यात कोणते आरोग्य आहे? दुसरा आक्षेप असा, की ही खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांची तक्रार आहे. वस्तुस्थिती उलट आहे. सुखवस्तू घरातील स्त्री संकोच सोडून नवे कपडे घेऊ शकते. जिच्याजवळ दोनच पोलकी आहेत, तिची बाळंतपणानंतर एकही हूक लागेनाशी होते, आणि ती सेफ्टी पिन लावून, वर पदर घट्ट ओढून कामाला जाते. घरात कापड घ्यायची वेळ आली, की मुलांचे आधी, मग पुरुषांचे, आणि उरले तर तिचे. तिच्या बाबतीत हा प्रश्न सौंदर्याचा नसून अब्रूचा आहे.

बाळंतविडा नेण्याची चाल महाराष्ट्रात आजही आहे. झबली, टोपडी, दुपटी मोठ्या हौशीने नेली जातात. लहान मुलाचे कपडे शिवताना ते 'वाढत्या अंगाचे' शिवावेत, असा घरोघरी दंडक आहे. आज थोडे ढगळ दिसले तरी चालेल, मूल वाढणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. झबले आखूड झाले, म्हणून मुलाला कोणी रागावत नाही. बदलत्या देहाला वस्त्राने सांभाळून घ्यायचे असते, हा धडा त्या समाजाला पाठ आहे. फक्त त्याच घरात, त्याच दिवशी, त्याच पलंगावर बसलेल्या आईला तो लागू केला जात नाही. बाळंतविड्याच्या ताटात तिच्यासाठी साडी ठेवण्याची रीत आहे, तेथे पोलक्याचे नवे मापही घेतले जावे. नोकरीच्या ठिकाणी परतणाऱ्या स्त्रीला नव्या मापाचा गणवेश तिने मागण्याआधी मिळावा. तयार कपडे करणाऱ्यांनी शिवणीत दोन बोटे कापड सोडावे. त्याने त्यांचे दिवाळे निघणार नाही. आणि कपाटातली ती डांबराच्या गोळ्यांमधली पोलकी शिंप्याकडे न्यावीत. ज्यांत माया असेल, ती उसवून सैल करावीत. ज्यांत नसेल, ती देऊन टाकावीत.