कुलूप स्क्रीनला घाला, ज्ञानाला नको

"हे मराठीत सांगता यायचं नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. या खेपेला विषय होता प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन. चाकणला त्यावर काम करणाऱ्या माझ्या भाच्याने ट्यूनिंगबद्दल विचारलं, तर साहेब म्हणाले, "ते इंजिनियरचं काम. तू बटण दाब."

मंडळी, मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. तरी सांगून बघते.

मशीनमधला स्क्रू वितळलेलं प्लास्टिक साच्यात ढकलतो. तो कुठवर आला हे सेन्सर सतत कळवत असतो. 'कुठे असायला हवा' यातून 'कुठे आहे' वजा करून कंट्रोलर तेलाचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडतो. पुन्हा मोजणी, पुन्हा दुरुस्ती. झालं क्लोज्ड लूप!

दुरुस्ती किती करायची हे ठरवणं म्हणजे ट्यूनिंग. आकडे मुख्यतः तीन. पी म्हणजे या क्षणाची चूक: जितकी मोठी, तितका जोर. आय म्हणजे चुकांची साठलेली थकबाकी. डी म्हणजे चूक किती वेगाने वाढते किंवा घटते आहे ते. पी फार कमी, तर स्क्रू रेंगाळतो, माल वाटेतच थिजतो आणि नग अर्धवट निघतो. फार जास्त, तर नवशिक्या सायकलवाल्यासारखे हेलकावे. माल साच्याच्या फटीतून बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. स्क्रू मध्येच अडला तर थकबाकी वाढत राहते आणि सुटताक्षणी सगळी वसुली एकदम! म्हणून तिला मर्यादा घालावी लागते.

यात मराठीला न पेलणारं काय आहे?

"पण आता ऑटो-ट्यून असतं ना!" असतं की. पण ते त्या घटकेला मशीन जसं असेल तसं मोजतं. हायड्रॉलिक मशीनचं तेल सकाळी थंड आणि दाट, दुपारी गरम आणि पातळ. सकाळचे आकडे दुपारी जुळतीलच असं नाही. हा फरक आधी कोणाला दिसणार? केबिनमधल्या साहेबांना, की आठ तास मशीनपाशी उभ्या असलेल्या पोराला? आणि नग बिघडले की बोलणी कोण खातो? तोच पोरगा.

गंमत म्हणजे मिनॉर्स्की यांनी १९२२ साली या तीन आकड्यांचं गणित मांडलं, ते जहाजाच्या सुकाणूसाठी. सुकाणू धरणारा माणूस आत्ताची चूक, मागची चूक आणि तिचा कल, तिन्ही बघून चाक वळवतो हे त्यांनी हेरलं होतं. म्हणजे शास्त्रज्ञ शिकला तो काम करणाऱ्याकडून!

पासवर्ड जरूर ठेवा. चुकीच्या आकड्याने महागडा साचा फुटू शकतो, माणसाला इजा होऊ शकते. पण हात लावू न देणं वेगळं आणि समजू न देणं वेगळं. पहिल्याला सुरक्षितता म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.