आधी अर्थिंग, मग सेट

ट्रकमध्ये सीबी रेडिओ बसवायचा म्हटलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "सेट कुठला घेऊ?" माझ्या मते हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला, अँटेना कुठे लावणार? दुसरा, तिचं अर्थिंग कुठे आहे? पण दुकानात काउंटरवर मांडलेला असतो तो सेट. निळे लाइट, गोल गोल नॉब, क्रोमची चकाकी. अर्थिंग काही काचेच्या कपाटात मांडता येत नाही. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ४० चॅनेल्स, इथे अमेरिकेत कुणीही लायसन्सशिवाय वापरावेत, एएमवर जास्तीत जास्त ४ वॉट. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी हा रेडिओ डोक्यावर घेतला. १९७७ मध्ये २३ चे ४० चॅनेल्स झाले. पुढे मोबाईल आला आणि गर्दी ओसरली. ट्रकवाल्यांच्या १९ नंबर चॅनेलवर आज बराच वेळ नुसती खरखर ऐकू येते, हे खरंय.

"मग कशाला हवाय? फोन आहे की!" असं ऑफिसात मला निदान चार जणांनी ऐकवलं. इथेच माझं त्यांच्याशी पटत नाही. फोन ओळखीच्या माणसासाठी असतो. तुमच्या मागून पाव मैलावर येणाऱ्या ट्रकवाल्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह केलेला असतो का? नसतो. तो कोण हे तुम्हाला माहीतच नाही, आणि नेमकं त्यालाच सांगायचंय की बाबा रे, पुढे सगळं थांबलंय.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत हिवाळ्यात जमिनीलगत दाट धुकं बसतं. टूली फॉग म्हणतात त्याला. नोव्हेंबर २००७ मध्ये फ्रेस्नोजवळ हायवे ९९ वर अशाच धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या, त्यात १८ मोठे ट्रक होते. दोन माणसं गेली. दिसत होतं जेमतेम साठ मीटर. आणि भरलेला ट्रक ताशी ६५ मैलांवरून थांबायला कोरड्या रस्त्यावरसुद्धा दीडशे मीटरच्या वर घेतो. करा हिशोब. सीबी असता तर ते सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. समोरच्याने बोलायला हवं, मागच्याने रेडिओ चालू ठेवायला हवा. पण मागच्या अनोळखी माणसाला त्या क्षणी गाठेल असं दुसरं काही केबिनमध्ये आहे का? मॅपच्या ॲपवर कुणीतरी बोट टेकवायचं, ते सर्व्हरवर जायचं, मग खाली यायचं. शिवाय २०१२ पासून इथे व्यावसायिक ड्रायव्हरला चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे. सीबी त्या बंदीतून वगळलाय. सरकारलाही कधीकधी कळतं.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये एक पाजी राहतात, स्वतःचा ट्रक चालवतात. (इकडच्या ट्रकिंगमध्ये पंजाबी मंडळी किती आहेत ते हायवेवरच्या ढाब्यांवरून कळतं.) त्यांनी एका दुकानातून सीबी बसवून घेतला होता आणि आवाज अर्ध्या मैलापुढे जात नव्हता. दुकानदार म्हणाला, ॲम्प्लिफायर लावा. पाजी मला विचारायला आले, "इंजीनियर साब, चार सौ डॉलर और डालूँ क्या?"

म्हटलं पाजी, थांबा. मल्टीमीटर आणतो.

माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमची. नोकरी अर्थातच जावाची. ट्रान्समिशन लाइन हा विषय पास झाल्या दिवशी डोक्यातून काढून टाकलेला. पण एक गोष्ट राहिली होती. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ११ मीटर, म्हणजे पाव तरंगाची अँटेना पावणेतीन मीटरची हवी. आरशाच्या दांडीवर लावतात ती चार फुटी काडी म्हणजे कॉइल घालून फसवलेली छोटी अँटेना. तिला उरलेला अर्धा भाग ट्रकच्या लोखंडातून मिळायला लागतो. तो नाही मिळाला तर वरची काडी कितीही महाग असो, उपयोग नाही.

कोॲक्स केबल सेटपासून सोडवली आणि अँटेनाच्या ब्रॅकेटपासून चॅसीपर्यंत रेझिस्टन्स मोजला. (केबल आधी सोडवायची हे महत्त्वाचं. नाहीतर केबलच्या जाळीतून, सेटमधून फिरून मीटर शून्य दाखवतो आणि आपण खूश.) मीटर हललाच नाही. केबिन फायबरग्लासची, दरवाजा तसाच, आरशाच्या दांडीवर जाड रंग. ब्रॅकेट थेट रंगावर आवळलेला. थोडक्यात, अँटेना हवेत लटकत होती. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, ब्रॅकेटपासून दरवाजाच्या आतल्या लोखंडापर्यंत आणि तिथून चॅसीला तांब्याची विणलेली पट्टी ओढली. मग उलट तपासणी: अँटेनाचा मधला बोल्ट ब्रॅकेटला चिकटलेला चालत नाही, मध्ये नायलॉनचा वॉशर लागतो. तो होता. चला, एवढं तरी.

मग एसडब्ल्यूआर. म्हणजे पाठवलेल्यातलं किती परत येतंय त्याचं माप. मीटर सेट आणि केबलच्या मध्ये लावायचा, ट्रक भिंतीपासून लांब मोकळ्यावर, दारं बंद. चॅनेल १ वर बघा, मग ४० वर. १ वर जास्त येत असेल तर अँटेना आखूड आहे, लांब करा. ४० वर जास्त तर लांब आहे, थोडी थोडी कमी करा. दोन्ही टोकांना दीडच्या खाली आलं की हात लावू नका. आकडा ३ असेल तर चौथा हिस्सा पॉवर परत येते, आणि तसंच बोलत राहिलात तर सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जातो. पाजींचा आधी तीनच्या पलीकडे होता, नंतर दीडच्या आत आला. खर्च पट्टी आणि वॉशरचा.

ॲम्प्लिफायरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो सीबीवर बेकायदा आहे, हे एक. दुसरं, त्याने तुमचा आवाज वाढतो, कान वाढत नाहीत. धुक्यात ऐकू येणं हे बोलण्याइतकंच गरजेचं, आणि चांगली अँटेना दोन्ही करते. आमच्या धंद्यात पण हेच, क्वेरी सुधारायची सोडून नवा सर्व्हर मागायचा. असो.

पॉवरची वायर लाइटरच्या सॉकेटातून घेऊ नका, फ्यूज घालून सरळ बॅटरीवरून आणा; ऑल्टरनेटरची शीळ बरीच कमी होते. इथल्या बऱ्याच ट्रकमध्ये डॅशला यासाठी वेगळे स्क्रू दिलेलेच असतात.

आपल्याकडे हे जमेल का, असं पुण्याच्या एका मित्राने विचारलं. २००५ मध्ये भारतातही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा ५ वॉटपर्यंत लायसन्समुक्त झाला, पण अट आहे सेटमध्येच बसवलेल्या अँटेनाची. म्हणजे हातातला वॉकीटॉकी चालेल, आरशावरची काडी त्या सवलतीत बसत नाही. शिवाय आपले बरेच जड ट्रक २४ व्होल्टचे, सीबी सेट १२ चा. मध्ये कन्व्हर्टर हवा. पावसाळ्यात बोरघाटात ढग उतरले की मला ती अट फार खुपते.

राहता राहिला तिसरा प्रश्न. शंभर डॉलरच्या आसपासचा साधा ४० चॅनेलचा कुठलाही सेट घ्या. २०२१ पासून एफएमलाही परवानगी आहे, असलं तर उत्तम, पण १९ नंबरवरची मंडळी अजून एएमवरच भेटतात. पाजींनी आपला जुनाच ठेवलाय.